जालन्याचं आकाश कोणत्या विद्यापीठाचं?

मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात सुरू झाली आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही मराठवाड्यातली गावं एका रुळावर आली. ‘जालना सोने का पालना’ म्हणवून घेणाऱ्या बाजारपेठेला रेल्वेचा उपयोग होताच. पण या लेखाचा विषय व्यापार नाही. शिकायला बाहेर पडणाऱ्या माणसासाठी त्या रुळाला दोन टोकं होती. खाली गेलं की हैदराबाद, वर गेलं की मनमाडमार्गे पुणे-मुंबई. जालन्यातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला आकाशाचा, त्यातही दीर्घिकांचा आणि विश्वरचनेचा, विद्यापीठात जाऊन रीतसर अभ्यास करायचा असेल तर गाडी कोणत्या दिशेची धरायची, याचं उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत तीनदा बदललं. तिन्ही वेळा कारण जमिनीवरचं होतं.

पहिलं उत्तर हैदराबाद. रेल्वे पूर्ण झाली त्याच १९०१ साली तिथले एक सरदार नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या जागेत, स्वतःच्या पैशानं वेधशाळा उभारायला घेतली. त्यांनी १५ इंची ग्रब दुर्बीण मागवली. १९०७ साली ते गेले आणि वेधशाळा निजाम सरकारच्या ताब्यात आली. ती पुढं बेगमपेठेत हलली. १५ इंची दुर्बीण प्रत्यक्ष बसायला बराच काळ जावा लागला, पण तोवर निजामिया वेधशाळेला एक जगड्व्याळ काम मिळालं होतं.

पॅरिसमध्ये १८८७ साली ठरलेली एक योजना होती: सगळ्या आकाशाचे फोटो काचेच्या तबकड्यांवर घ्यायचे, प्रत्येक ताऱ्याची जागा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची आणि याद्या छापायच्या. वीसएक वेधशाळांनी आकाश पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घेतलं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांचा पट्टा चिलीतल्या सांतियागोला दिला होता. त्यांना ते काम झेपलं नाही, म्हणून तो हैदराबादकडे आला. १९१४ पासून आर. जे. पोकॉक आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ पासून टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली हे काम चाललं. नंतर उत्तरेकडचा ३६ ते ३९ अंशांचा पट्टाही त्यांनी उरकला. एकूण ७,६३,५४२ तारे. एवढ्या तबकड्या, एवढे आकडे, आणि ते सगळं हातानं.

याच वर्षांत कॅलिफोर्नियात काय चाललं होतं, हे शेजारी ठेवून पाहायला हवं. १९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबलला १०० इंची दुर्बिणीतून देवयानीच्या तेजोमेघात एक विशिष्ट प्रकारचा चलतारा सापडला. त्याच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर काढता येत होतं. ते इतकं निघालं की देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेरच असली पाहिजे. १९२५ च्या पहिल्याच दिवशी हे जाहीर झालं आणि ‘दीर्घिका’ हा विषय जन्माला आला. १९२९ साली हबलनं दाखवलं की दूरच्या दीर्घिका जास्त वेगानं लांब जातात. विश्व प्रसरण पावतं आहे, या विचाराला वेधांचा आधार मिळाला. हैदराबादची माणसं तेव्हाही काचेवरचे ठिपके मोजत होती.

अनेक इतिहासकार म्हणतात की त्या पॅरिसच्या योजनेनं युरोपातल्या वेधशाळांची दोन पिढ्यांची ताकद खाऊन टाकली आणि अमेरिका पुढं निघून गेली. हैदराबादच्या बाबतीत मला हे पूर्ण पटत नाही. १०० इंची आरसा त्यांच्याकडे नव्हता, येणारही नव्हता. जे हाती होतं त्यातून त्यांनी जगाच्या उपयोगाचं काम केलं. इ. स. २००० मध्ये टायको-२ ही पंचवीस लाख ताऱ्यांची यादी तयार झाली, तेव्हा तारे शतकभरात किती सरकले हे काढायला याच जुन्या मोजण्या वापरल्या गेल्या. उपग्रहानं नवी जागा सांगितली, जुनी जागा काचेनं सांगितली.

वेधशाळा १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. म्हणजे कागदावर तरी ती जालन्याच्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विद्यापीठाची वेधशाळा होती. पण उस्मानियात शिकवण्याची भाषा होती उर्दू. पाश्चात्त्य विज्ञान भारतीय भाषेत शिकवण्याचा तो प्रयोग धाडसी होता. त्यासाठी मोठं भाषांतर खातं उभारलं, परिभाषा घडवली. मराठी घरातल्या मुलाला मात्र आधी ती भाषा ओलांडून मग भौतिकशास्त्राला भिडावं लागे. उर्दूत आकाशगंगेला ‘कहकशां’ म्हणतात. मूळ फारसी शब्दाचा अर्थ ओढत नेलेलं गवत, म्हणजे कुणी पेंढा फरफटत नेला आणि वाटेवर काड्या सांडल्या. मराठीत आपण गॅलक्सीला दीर्घिका म्हणतो. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं किंवा विहीर. घाणेवाडीच्या तलावाकडे डोळे लावून उन्हाळे काढणाऱ्या जालन्यात हा शब्द जरा जास्तच गोड वाटावा.

भाषेपेक्षा मोठा अडथळा राज्याचा होता. १९३८ साली वंदे मातरम् म्हणण्यावरून उस्मानियातून विद्यार्थी काढून टाकण्यात आले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. ज्या पिढीनं आकाश शिकायचं, तिला आधी आपण कोणत्या राज्याचे हे ठरवावं लागलं. तरीही हैदराबादच्या त्या वातावरणातून एक मोठा खगोलशास्त्रज्ञ निघालाच. वेणू बाप्पूंचे वडील निजामिया वेधशाळेत नोकरीला होते. मुलगा दुर्बिणीशेजारी वाढला, निजाम कॉलेजात शिकला, हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला आणि १९४९ साली तिथं त्याला एक धूमकेतू सापडला. पुढं ते आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाचे अध्यक्ष झाले. घरात दुर्बीण असण्याचा फायदा काय असतो, हे बाप्पूंकडे पाहून कळतं. जालन्यात घरात फार तर पंचांग असे.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. लोकांना हवं होतं तेच झालं, त्यासाठी माणसांनी तुरुंग भोगले होते. पण वाटणीत दुर्बीण पलीकडे राहिली, याची नोंद कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, उस्मानियात स्वतंत्र खगोलशास्त्र विभाग निघाला. लवकरच त्याला विद्यापीठ अनुदान आयोगानं प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा दिला आणि १९६८ मध्ये जपाल-रंगापूरला त्यांची ४८ इंची दुर्बीण उभी राहिली. देशातल्या मोजक्या विद्यापीठांत असं काही होतं. जालना त्या विद्यापीठाच्या कक्षेतून नुकतंच बाहेर पडलं होतं.

औरंगाबादच्या नव्या विद्यापीठाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या भागात १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मिलिंद महाविद्यालय काढलं, तेव्हा मराठवाड्यातल्या गरीब मुलांना पदवीचं दार पहिल्यांदा खऱ्या अर्थानं उघडलं, तिथं आधी बीएस्सी होणं हीच क्रांती होती. भौतिकशास्त्र विभाग वाढला तो फेराइट, पातळ थर, सूक्ष्मलहरी अशा विषयांत. त्याला कारण आहे. भट्टी, थोडी रसायनं आणि एखादं मोजमापयंत्र यांवर चांगली पीएच.डी. होऊ शकते. दीर्घिकांवर व्हायची तर मोठी दुर्बीण, परदेशी नियतकालिकं आणि विषय जाणणारा मार्गदर्शक हे तिन्ही लागतात. त्या काळात तिन्ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या मोजक्या ठिकाणी होतं. म्हणजे दुसरं उत्तर: गाडी वरच्या दिशेची, पण तिकीट मिळेलच असं नाही.

फक्त कागद-पेन्सिलीवर विश्वरचनाशास्त्र करता येत नाही का? येतं. आपल्याकडे त्याची दोन उदाहरणं जगाला माहीत आहेत. गुजरातचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य १९४२ मध्ये जवळच्या बचतीवर बायको-मुलीसह बनारसला गेले. तिथं बनारस हिंदू विद्यापीठात कोल्हापूरकडचे विष्णू वासुदेव नारळीकर सापेक्षतावाद शिकवत आणि त्यावर संशोधनही करवून घेत. दहाएक महिन्यांत वैद्यांनी प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशाचं समीकरण सोडवलं. ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून ते आजही शिकवलं जातं. कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी यांचं समीकरण १९५५ चं. तेही कोणत्याही मोठ्या सापेक्षतावादी गटात नव्हते, जवळजवळ एकटेच काम करत होते. पुढं पेनरोज आणि हॉकिंग यांच्या सिद्धान्तांना त्या समीकरणाचा आधार झाला. ही उदाहरणं प्रेरणा म्हणून सांगण्याची आपल्याकडे खोड आहे. मला त्यांतून उलटं दिसतं. असे दोघं आठवतात, कारण बाकीचे शेकडो त्याच परिस्थितीत थांबले. वैद्यांनासुद्धा एक नारळीकर लागलेच.

तिसरं उत्तर याच नारळीकरांच्या मुलामुळं मिळालं. जयंत नारळीकर १९३८ साली कोल्हापुरात जन्मले, बनारसमध्ये वाढले, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला आणि १९७२ मध्ये ते मुंबईला टाटा संस्थेत परत आले. त्यांची चरित्रं मराठीत भरपूर आहेत, त्यामुळं इथं एवढंच. मला महत्त्वाचा वाटतो तो १९८८ चा निर्णय. यशपाल तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. देशात संशोधन संस्था वेगळ्या आणि विद्यापीठं वेगळी, अशी फाळणी झालेली होती. दुर्बिणी आणि संगणक संस्थांकडे, विद्यार्थी विद्यापीठांकडे. ही फाळणी सांधायला पुण्यात आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र निघालं, तेच ‘आयुका’. नारळीकर संस्थापक-संचालक झाले. चार्ल्स कोरिया यांनी इमारतींची आखणी केली आणि १९९२ च्या डिसेंबरात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते ती संस्था देशाला अर्पण झाली.

आयुकाच्या नावातला ‘आंतरविद्यापीठीय’ हा शब्द शोभेचा नव्हता. विद्यापीठात किंवा साध्या कॉलेजात शिकवणारा प्राध्यापक तिथं सहयोगी म्हणून निवडला जाऊ शकतो. मग तो वर्षातून काही आठवडे पुण्यात येऊन राहतो, ग्रंथालय आणि संगणक वापरतो, तिथल्या लोकांबरोबर काम करतो आणि परत आपल्या कॉलेजात जातो. येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च केंद्र करतं. सोबत आपला विद्यार्थीही आणता येतो. उन्हाळ्यात बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांसाठी अभ्यासवर्ग असतात. गावोगावच्या कॉलेजांत कार्यशाळा होतात. अगदी साधी वाटणारी ही प्रवासखर्चाची तरतूद मला दुर्बिणीइतकी मोलाची वाटते. जालना-पुणे एसटीचं भाडं आणि पुण्यात राहण्याची सोय, एवढ्यावरून कितीजणांचं संशोधन अडलं असेल!

नारळीकरांची आणखी एक गोष्ट इथं बसते. शाळकरी मुलं सही मागायला आली की ते म्हणत, मला पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर देईन, त्याखाली सही असेलच. आजच्या भाषेत सांगायचं तर सेल्फीऐवजी गृहपाठ. पोस्टकार्ड जालन्याहूनही तेवढ्याच पैशांत जायचं जेवढ्यात शिवाजीनगरहून.

आणि एक गोष्ट गौरवलेखांत सहसा राहून जाते. नारळीकर शेवटपर्यंत महास्फोटाच्या सिद्धान्ताच्या विरोधात राहिले. १९६५ मध्ये विश्वभर पसरलेलं २.७ केल्विनचं सूक्ष्मलहरी प्रारण सापडलं, बहुतेकांना तो निर्णायक पुरावा वाटला. नारळीकर, हॉइल आणि बर्बिज यांनी १९९३ मध्ये स्थिरस्थिती सिद्धान्ताचं सुधारलेलं रूप मांडलं. ते फारसं स्वीकारलं गेलं नाही आणि माझ्या समजुतीप्रमाणे पुराव्यांचं पारडंही त्याच्या विरुद्ध झुकतं. पण त्यांनी उभारलेल्या संस्थेत त्यांच्या मताविरुद्धचं काम रोज, उघडपणे होत राहिलं. संचालकाचं मत हा अभ्यासक्रम झाला नाही. आपल्या कॉलेजांत सरांच्या नोट्सबाहेरचं उत्तर लिहिलं तर काय होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना याची किंमत सांगायला नको. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

मग या सगळ्याचा मराठवाड्यात परिणाम दिसला का? दिसला, आणि तो नांदेडला. १७ सप्टेंबर १९९४ ला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं. नांदेड, लातूर, परभणी आणि नंतरचा हिंगोली हे जिल्हे तिकडं गेले. १ मे १९८१ ला वेगळा झालेला जालना जिल्हा मात्र औरंगाबादकडेच राहिला. नांदेडच्या भौतिकशास्त्र संकुलात एम. के. पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दीर्घिकांवर काम सुरू केलं. २००७ साली रायपूर आणि आयुकाच्या सहकाऱ्यांबरोबर त्यांचा एक शोधनिबंध आला. लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्यांची, धूळ नसलेली स्वच्छ वस्ती, असा पूर्वी समज होता. त्यांच्यातही धूळ असते, ती प्रकाश कसा अडवते यावरून तिच्या कणांचा आकार काढता येतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. धुळीचा विषय मराठवाड्यातल्या माणसानं घ्यावा, हे योग्यच झालं.

२०१२ साली याच गटानं कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६३३८ या दीर्घिकेवर लिहिलं. ती सुमारे ३७ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिच्याभोवती कोटी अंशांच्या घरात तापलेला वायू आहे आणि त्यात पोकळ्या आहेत. गुऱ्हाळात कढईतल्या रसाला उकळी फुटली की मोठे बुडबुडे वर येतात, तसं डोळ्यांपुढं आणा. इथं जाळ लावतं ते दीर्घिकेच्या मध्यावरचं कृष्णविवर. त्यातून निघणारे झोत वायू बाजूला ढकलतात. पोकळीचं आकारमान आणि भोवतीचा दाब कळला की ती फुगवायला किती ऊर्जा लागली याचा हिशेब निघतो. आणि वायू थंड होऊन त्याचे नवे तारे का बनत नाहीत, या कोड्याचा एक भाग सुटतो.

हे सगळं त्यांनी चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या नोंदींवरून केलं. ती पृथ्वीभोवती फिरते आणि तिला चंद्रशेखरांचं नाव आहे. तिच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुल्या होतात. हबलच्या काळी दीर्घिका अभ्यासायची तर डोंगरावरच्या दुर्बिणीवर रात्र मिळावी लागे. आता नांदेडला बसून ती करता येते. तो शोधनिबंध आज तुमच्या फोनवर फुकट उघडतो. अडचण उरते ती पुढची: उघडलेल्या शोधनिबंधातलं पहिलं पान तरी कळावं एवढं गणित, एवढं इंग्रजी आणि ‘हे तुला जमेल’ म्हणणारा एक प्राध्यापक. जालन्यातल्या बहुतेक बीएस्सीच्या मुलांना स्पर्धा परीक्षेचे क्लास दारात मिळतात, असा प्राध्यापक शोधावा लागतो.

तोवर खुद्द मराठवाड्यातच एक गोष्ट येऊन ठेपली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन हात आणि त्यांतून धावणारे लेसर किरण. २०१६ च्या फेब्रुवारीत तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. या भागात एवढा मोठा विज्ञानप्रकल्प पूर्वी आलेला नाही. तिथं स्थानिक मुलं पहारेकरी आणि ड्रायव्हर म्हणून लागणार की संशोधक म्हणून, हे येत्या दहा वर्षांत आपल्या कॉलेजांतले वर्ग ठरवतील. औंढ्याचा रस्ता करून ते ठरणार नाही.

विश्वरचनेशी या यंत्राचा संबंध सरळ आहे. विश्व किती वेगानं प्रसरण पावतं याची दोन मोजमापं सध्या जुळत नाहीत. आदिम प्रारणावरून आकडा ६७ च्या आसपास येतो, जवळच्या चलताऱ्यांवरून आणि अतिनवताऱ्यांवरून ७३ च्या. एकक आहे दर मेगापार्सेकला सेकंदाला इतके किलोमीटर. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या लहरी मिळाल्या. ती टक्कर वासुकी तारकासमूहात, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत झाली होती. लहरीवरून अंतर कळलं, दीर्घिकेवरून वेग कळला, आकडा आला ७०. पण एका घटनेतली अनिश्चितता इतकी मोठी की ६७ आणि ७३ दोन्ही तिच्यात मावतात. अशा अनेक घटना हव्यात आणि त्या आकाशात नेमक्या कुठं घडल्या हे कळायला हवं. त्यासाठी अमेरिका आणि युरोपपासून लांब आणखी एक यंत्र लागतं. औंढ्याचं महत्त्व ते आहे. ज्या दीर्घिकेत ही टक्कर झाली, ती हैदराबादच्या माणसांनी काचेवर मोजलेल्या दक्षिणेकडच्या पट्ट्याच्या अगदी काठाशी आहे.

गोंगाटातून अशी लहर ओळखून काढण्याची रीत १९९१ च्या सुमारास आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी विकसित केली. तेव्हा अशी लहर कुणी पकडलेलीही नव्हती, पहिली मिळायला २०१५ उजाडावं लागलं. त्या रीतीच्या तळाशी फूरियेचं गणित आहे. फूरिये श्रेणी बीएस्सीला शिकवतात, जालन्यातही. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न म्हणून मुलं ती पाठ करतात. कशासाठी शिकायची, हे वर्गात सांगितलं जात नाही.